उष्णतारोधक तावदानांतील वायूंचे औष्णिक गुणधर्म

उष्णतारोधक तावदान म्हणजे काठाने हवाबंद केलेल्या दोन किंवा अधिक काचांचा संच होय. या काचांमधील पोकळीत हवा, अरगॉन, क्रिप्टॉन किंवा झेनॉन यांपैकी एखादा वायू अथवा त्यांचे मिश्रण भरलेले असते. खिडकीतून किती उष्णता आत येईल वा बाहेर जाईल, हे ठरवण्यात या वायूच्या उष्णतावाहकता, घनता, श्यानता आणि विशिष्ट उष्णता या चार गुणधर्मांचा मोठा वाटा असतो. इमारतींच्या ऊर्जावापराच्या संगणकीय सदृशीकरणात, म्हणजेच सिम्युलेशनमध्ये, हे गुणधर्म तापमानानुसार बदलणाऱ्या राशी म्हणून वापरले जातात.

उष्णतावाहकता सर्वांत कमी असलेला वायू सर्वांत चांगला रोधक ठरेल असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात वायूची निवड काचांमधील अंतर, वायूची घनता आणि काचेवरील लेप यांवरही तितकीच अवलंबून असते. त्यामुळे एकच वायू एका तावदानात उपयुक्त, तर दुसऱ्यात जवळजवळ निरुपयोगी ठरू शकतो.

== पार्श्वभूमी ==

दोन काचांमध्ये हवेचा थर बंदिस्त करून उष्णतारोधक तावदान बनवण्याच्या कल्पनेचे एकस्व (पेटंट) थॉमस स्टेटसन यांना अमेरिकेत १८६५ मध्ये मिळाले. पोकळीत भरण्यास पुढे सोयीचे ठरलेले निष्क्रिय वायू तेव्हा ज्ञात नव्हते. लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमझी यांनी १८९४ मध्ये अरगॉनचा शोध लावला. क्रिप्टॉन व झेनॉन हे वायू रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये द्रवरूप हवेच्या भागशः ऊर्ध्वपातनातून वेगळे केले. पोकळीतील वायू केव्हा फिरू लागेल हे सांगणारी संख्याही रॅले यांच्याच नावाने ओळखली जाते. द्रायूच्या आडव्या थरातील अभिसरणाचे गणिती विवेचन त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले होते.

== पोकळीतून उष्णता जाण्याचे मार्ग ==

दोन काचांमधील पोकळीतून उष्णता तीन मार्गांनी जाते.

* वहन : उबदार काचेजवळचे वेगवान रेणू शेजारच्या मंद रेणूंना टक्कर देतात आणि ऊर्जा पुढे सरकते. वायू स्थिर असतानाही ही क्रिया चालू असते.
* अभिसरण : उबदार काचेलगतचा वायू प्रसरण पावून हलका होतो व वर चढतो, थंड काचेलगतचा वायू जड होऊन खाली उतरतो. असे चक्र सुरू झाले की वायू स्वतःच उष्णता वाहून नेतो.
* प्रारण : एक काच दुसऱ्या काचेकडे अवरक्त किरणांच्या रूपाने ऊर्जा पाठवते. हवा आणि निष्क्रिय वायू या किरणांना जवळजवळ पूर्ण पारदर्शक असल्यामुळे या मार्गावर त्यांचा काहीच प्रभाव पडत नाही.

पहिले दोन मार्ग वायूवर आणि तिसरा काचेच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. तिन्हींचा एकत्रित परिणाम यू-मूल्याने व्यक्त करतात. आतील व बाहेरील तापमानांत एक केल्विनचा फरक असताना एक चौरस मीटर तावदानातून दर सेकंदाला जितकी ऊर्जा जाते, ते त्या तावदानाचे यू-मूल्य होय. त्याचे एकक वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन असे आहे. यू-मूल्य जितके कमी, तितके तावदान अधिक उष्णतारोधक.

== वायू आणि त्यांचे गुणधर्म ==

१० अंश सेल्सियस तापमान आणि समुद्रसपाटीवरील वातावरणीय दाब असताना प्रमुख वायूंचे गुणधर्म पुढीलप्रमाणे असतात. उष्णतावाहकता मिलिवॉट प्रति मीटर-केल्विन, घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर, श्यानता मायक्रोपास्कल-सेकंद आणि विशिष्ट उष्णता जूल प्रति किलोग्रॅम-केल्विन या एककांत दिली आहे.

| वायू | रेणुभार | उष्णतावाहकता | घनता | श्यानता | विशिष्ट उष्णता |
|---|---|---|---|---|---|
| हवा | २८.९७ | २४.८ | १.२५ | १७.७ | १००६ |
| अरगॉन | ३९.९५ | १६.९ | १.७२ | २१.६ | ५२२ |
| क्रिप्टॉन | ८३.८० | ८.९ | ३.६१ | २४.२ | २४८ |
| झेनॉन | १३१.३० | ५.३ | ५.६५ | २२.१ | १५८ |
| सल्फर हेक्झाफ्लोराइड | १४६.०६ | १२.८ | ६.३६ | १४.६ | ६१४ |

अरगॉनची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे दोन-तृतीयांश, क्रिप्टॉनची एक-तृतीयांशाहून थोडी अधिक, तर झेनॉनची जेमतेम एक-पंचमांश आहे.

=== जड वायू उष्णतेचे मंद वाहक का असतात ===

याचे स्पष्टीकरण वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतातून मिळते. दिलेल्या तापमानाला सर्व वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा समान असते. म्हणून जड रेणू हलक्या रेणूंपेक्षा मंद गतीने फिरतात. ऊर्जा एका थरातून दुसऱ्या थरात नेण्याचे काम ते सावकाश करतात. निष्क्रिय वायूंच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. त्यांचे रेणू एकअणुक असतात. नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे द्विअणुक रेणू सरळ गतीबरोबरच परिवलनाच्या रूपानेही ऊर्जा साठवतात आणि प्रत्येक टकरीत ती पुढे देतात. एकअणुक रेणूंना ही सोय नसते.

एकअणुक वायूंसाठी उष्णतावाहकता आणि श्यानता यांच्यातील नाते अतिशय साधे आहे :

उष्णतावाहकता = (१५ ÷ ४) × (वायू स्थिरांक ÷ रेणुभार) × श्यानता

या सूत्रात अरगॉनची श्यानता २१.६ मायक्रोपास्कल-सेकंद घेतली, तर उष्णतावाहकता सुमारे १६.९ मिलिवॉट प्रति मीटर-केल्विन येते. ती कोष्टकातील मूल्याशी जुळते. ज्या वायूसाठी प्रत्यक्ष मोजमाप हाताशी नाही, त्याचे मूल्य तपासून पाहण्यासही हे नाते उपयोगी पडते.

नेहमीच्या दाबांना वायूची उष्णतावाहकता दाबावर अवलंबून नसते. दाब कमी केल्यास ऊर्जा वाहणारे रेणू कमी होतात खरे. परंतु दोन टकरींमधील सरासरी अंतर, म्हणजे माध्य मुक्त पथ, त्याच प्रमाणात वाढते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात. घनता मात्र दाबाच्या प्रमाणात बदलते, आणि अभिसरणाच्या दृष्टीने घनतेलाच महत्त्व असते.

== अभिसरण आणि पोकळीची योग्य रुंदी ==

वायू स्थिर असेल तर पोकळी जितकी रुंद, तितका तिचा रोध अधिक. रुंदी वाढवत नेल्यावर मात्र एका मर्यादेनंतर वायू फिरू लागतो आणि रुंदीचा लाभ थांबतो. ही मर्यादा रॅले संख्येवरून कळते. वायूला वर-खाली ढकलणारे उत्प्लावक बल आणि त्याला रोखून धरणारे परिणाम यांची तुलना या संख्येत असते :

रॅले संख्या = (घनता² × रुंदी³ × गुरुत्वत्वरण × विशिष्ट उष्णता × काचांच्या तापमानांतील फरक) ÷ (श्यानता × उष्णतावाहकता × सरासरी निरपेक्ष तापमान)

या सूत्रात घनतेचा वर्ग आणि रुंदीचा घन आहे. त्यामुळे जड वायूंमध्ये अभिसरण फार लवकर सुरू होते. शिवाय उष्णतावाहकता छेदात असल्याने, ज्या गुणासाठी वायू निवडला तोच गुण अभिसरणाला चालना देतो.

अभिसरणामुळे उष्णतेचा प्रवाह केवळ वहनाच्या किती पट होतो, ते नुसेल्ट संख्या दर्शवते. ईएन ६७३ या युरोपीय मानकानुसार उभ्या तावदानासाठी नुसेल्ट संख्या म्हणजे रॅले संख्येच्या ०.३८ व्या घाताची ०.०३५ पट होय. हे उत्तर एकपेक्षा कमी आल्यास एक धरले जाते. या सूत्राप्रमाणे रॅले संख्या सुमारे ६८०० झाली की अभिसरण जमेस धरावे लागते. मानकातील गृहीतांनुसार, म्हणजे सरासरी तापमान १० अंश सेल्सियस आणि काचांच्या तापमानांत १५ केल्विनचा फरक असताना, निरनिराळ्या वायूंसाठी पुढील मूल्ये येतात. योग्य रुंदी म्हणजे अभिसरण सुरू होण्याच्या सीमेवरील रुंदी. त्या रुंदीला वायूतून होणारे संक्रमण वॉट प्रति चौरस मीटर-केल्विनमध्ये दिले असून त्यात प्रारण धरलेले नाही.

| वायू | १२ मिलिमीटर पोकळीतील रॅले संख्या | योग्य रुंदी, मिलिमीटर | त्या रुंदीला वायूतून संक्रमण |
|---|---|---|---|
| हवा | ३,२०० | १५.४ | १.६१ |
| अरगॉन | ३,८०० | १४.६ | १.१६ |
| क्रिप्टॉन | १३,४०० | ९.६ | ०.९३ |
| झेनॉन | ३८,६०० | ६.७ | ०.७९ |
| सल्फर हेक्झाफ्लोराइड | १,२०,००० | ४.६ | २.७७ |

झेनॉनची उष्णतावाहकता हवेच्या एक-पंचमांश असली, तरी त्याच्यासाठी योग्य असलेली पोकळी इतकी अरुंद आहे की त्याचे किमान संक्रमण हवेच्या किमान संक्रमणाच्या निम्म्यावरच थांबते. सल्फर हेक्झाफ्लोराइडचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याची उष्णतावाहकता हवेच्या निम्मी आहे. तरीही अतिशय अधिक घनतेमुळे त्यात अभिसरण इतक्या लवकर सुरू होते की त्याचे किमान संक्रमणसुद्धा हवेपेक्षा जास्त भरते. १६ मिलिमीटर रुंदीच्या पोकळीत हा वायू हवेच्या सुमारे दुप्पट उष्णता जाऊ देतो.

रुंदी योग्य मर्यादेपलीकडे वाढवल्यास रोध एकदम ढासळत नाही. तो अगदी हळूहळू कमी होतो. म्हणून अरगॉनसाठी व्यवहारात १६ मिलिमीटरची पोकळी सर्रास वापरतात. तिहेरी काचेच्या तावदानात जागा अपुरी असते. तेथे १० ते १२ मिलिमीटरच्या दोन पोकळ्यांमध्ये क्रिप्टॉन अधिक उपयुक्त ठरतो.

पोकळी तिरपी किंवा आडवी असल्यास गणित बदलते. छतातील काचेत हिवाळ्यात उबदार काच खाली आणि थंड काच वर असते. अशा आडव्या थरात रॅले संख्या सुमारे १७०८ झाली की अभिसरण सुरू होते. त्यामुळे तेच तावदान भिंतीत बसवले असता जितके रोधक असते, त्यापेक्षा छतात कमी रोधक ठरते. उन्हाळ्यात वरची काच तापलेली असेल, तर हलका वायू वरच राहतो व अभिसरण जवळजवळ थांबते.

== प्रारण आणि अल्प-उत्सर्जी लेप ==

साध्या काचेच्या पृष्ठभागाची उत्सर्जकता सुमारे ०.८४ असते, म्हणजे ती अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात उत्सर्जित करते आणि शोषते. दोन साध्या काचांमध्ये १० अंश सेल्सियस सरासरी तापमानाला प्रारणाने होणारे संक्रमण सुमारे ३.७ वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन असते. १६ मिलिमीटर पोकळीतील हवेतून होणारे संक्रमण १.६ च्या आसपास असते. म्हणजे साध्या दुहेरी काचेत जवळजवळ ७० टक्के उष्णता वायूशी संबंध नसलेल्या मार्गाने जाते.

काचेच्या एका आतील पृष्ठभागावर चांदीचा अतिसूक्ष्म थर असलेला अल्प-उत्सर्जी लेप दिल्यास उत्सर्जकता ०.०४ पर्यंत उतरते आणि प्रारणाचे संक्रमण सुमारे ०.२ वर येते. त्यानंतर उरलेली बहुतेक उष्णता वायूमार्फतच जाते आणि वायू बदलण्याचा परिणाम ठळक होतो. ईएन ६७३ मधील पद्धतीने, ४ मिलिमीटर जाडीच्या काचा आणि बाहेरच्या व आतल्या पृष्ठभागांवरील संक्रमण गुणांक अनुक्रमे २५ व ७.७ धरून काढलेली यू-मूल्ये अशी :

| तावदान | वायू व पोकळी | यू-मूल्य |
|---|---|---|
| एकेरी काच | — | ५.७५ |
| दुहेरी, लेपाविना | हवा, १६ मिलिमीटर | २.७३ |
| दुहेरी, लेपाविना | अरगॉन, १६ मिलिमीटर | २.६१ |
| दुहेरी, लेपासह | हवा, १६ मिलिमीटर | १.३८ |
| दुहेरी, लेपासह | अरगॉन, १६ मिलिमीटर | १.११ |
| दुहेरी, लेपासह | क्रिप्टॉन, १० मिलिमीटर | ०.९५ |

लेप नसताना हवेच्या जागी अरगॉन भरल्याने यू-मूल्य ४ ते ५ टक्क्यांनीच कमी होते. लेप असताना तीच कृती ते सुमारे २० टक्क्यांनी कमी करते. याच कारणाने लेप नसलेल्या काचेत निष्क्रिय वायू भरण्याचा खर्च सहसा केला जात नाही.

== संगणकीय सदृशीकरण ==

ईएन ६७३ मधील पद्धत ठरावीक तापमानांसाठी आहे आणि उत्पादनांची तुलना करण्यास ती पुरेशी असते. इमारतीचा वर्षभराचा ऊर्जावापर काढायचा असल्यास तावदानाची तापमाने तासागणिक बदलतात आणि वायूचे गुणधर्मही त्यांबरोबर बदलतात. अशा गणनेसाठी आयएसओ १५०९९ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीने विकसित केलेल्या ‘विंडो’ या संगणकप्रणालीतील गणना या मानकावर आधारित आहे. ‘एनर्जीप्लस’ या इमारत-ऊर्जा प्रणालीत हवा, अरगॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू तयार उपलब्ध असतात. अन्य वायूसाठी गुणांक स्वतंत्रपणे देता येतात.

=== तापमानानुसार बदलणारे गुणांक ===

आयएसओ १५०९९ मध्ये उष्णतावाहकता, श्यानता आणि विशिष्ट उष्णता या राशी निरपेक्ष तापमानाच्या रेषीय फलाच्या रूपात मांडल्या आहेत. उष्णतावाहकतेसाठी सूत्र असे : उष्णतावाहकता = स्थिर पद + (उतार × निरपेक्ष तापमान). मिलिवॉट प्रति मीटर-केल्विन या एककात त्यांची मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

| वायू | स्थिर पद | उतार, प्रति केल्विन |
|---|---|---|
| हवा | २.८७३ | ०.०७७६० |
| अरगॉन | २.२८५ | ०.०५१४९ |
| क्रिप्टॉन | ०.९४४३ | ०.०२८२६ |
| झेनॉन | ०.४५३८ | ०.०१७२३ |

या सूत्राने हवेची उष्णतावाहकता ० अंश सेल्सियसला २४.१, तर ४० अंश सेल्सियसला २७.२ येते. म्हणजे हिवाळ्यातील थंड तावदान आणि उन्हाने तापलेले तावदान यांत सुमारे १३ टक्क्यांचा फरक पडतो. अरगॉनसाठी हीच मूल्ये १६.३ आणि १८.४ आहेत. निष्क्रिय वायूंची विशिष्ट उष्णता तापमानानुसार बदलत नाही. त्यामुळे तिचा उतार शून्य धरला जातो. घनता आदर्श वायूच्या समीकरणावरून काढली जाते.

=== गणनेचा क्रम ===

सदृशीकरणात काचांची तापमाने आधी ठाऊक नसतात आणि ती ठाऊक असल्याशिवाय वायूचे गुणधर्म काढता येत नाहीत. म्हणून गणना आवर्ती पद्धतीने केली जाते.

१. प्रत्येक काचेसाठी अंदाजे तापमान धरले जाते.
२. पोकळीच्या सरासरी तापमानावरून वायूचे चार गुणधर्म काढले जातात.
३. त्यांवरून रॅले संख्या आणि नुसेल्ट संख्या मिळते. त्यातून वहन व अभिसरण यांचा एकत्रित गुणांक निघतो.
४. काचांच्या उत्सर्जकतेवरून प्रारणाचा प्रवाह काढला जातो.
५. प्रत्येक काचेत येणारी, तीत शोषली जाणारी आणि तिच्यातून जाणारी ऊर्जा यांचा ताळेबंद मांडून नवीन तापमाने काढली जातात.
६. नवी आणि जुनी तापमाने पुरेशी जुळेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते.

दोन्ही मानकांतील नुसेल्ट संख्येची सूत्रे सारखी नाहीत. आयएसओ १५०९९ मध्ये उभ्या पोकळीसाठी रॅले संख्येच्या तीन टप्प्यांकरिता वेगळी सूत्रे आहेत आणि पोकळीची उंची व रुंदी यांचे गुणोत्तरही विचारात घेतले जाते. रॅले संख्या ६८०० च्या जवळ असताना ईएन ६७३ नुसार अभिसरण शून्य मानले जाते. आयएसओ १५०९९ नुसार त्याच ठिकाणी प्रवाह केवळ वहनाहून सुमारे ११ टक्क्यांनी अधिक येतो. सीमेवरील तापमानेही वेगळी असतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मूल्यांकन पद्धतीत आत २१ आणि बाहेर उणे १८ अंश सेल्सियस तापमान धरतात. म्हणून दोन देशांत जाहीर केलेल्या यू-मूल्यांची थेट तुलना करताना ती कोणत्या मानकानुसार काढली आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते.

== मिश्रण, भरणा आणि गळती ==

पोकळी निर्भेळ वायूने भरणे व्यवहारात कठीण असते. तावदानांच्या उत्पादनात साधारणपणे ९० टक्के अरगॉन व १० टक्के हवा असे प्रमाण गृहीत धरले जाते. ईएन ६७३ मध्ये मिश्रणाचा प्रत्येक गुणधर्म घटकांच्या प्रमाणानुसार सरासरी काढून ठरवला जातो. त्याप्रमाणे या मिश्रणाची उष्णतावाहकता सुमारे १७.७ येते. आयएसओ १५०९९ मध्ये निरनिराळ्या रेणूंच्या परस्पर टकरी लक्षात घेणारी, गत्यात्मक सिद्धांतावर आधारलेली सूत्रे वापरली आहेत. हलका आणि फार जड असे दोन वायू एकत्र असतील, तेव्हा साधी सरासरी वास्तवापासून दूर जाते. हवा व अरगॉन यांच्या बाबतीत हा फरक किरकोळ असतो.

तावदानाच्या काठाला अंतरक पट्टी, तिच्यातील आर्द्रताशोषक कण आणि सीलंटचे दोन थर असतात. यांपैकी ब्युटिलचा आतला थर वायूला अडवण्याचे मुख्य काम करतो. तरीही अरगॉन सावकाश बाहेर झिरपतो आणि हवा आत येते. युरोपीय मानक ईएन १२७९ नुसार गळतीचे प्रमाण वर्षाला एक टक्क्यापेक्षा कमी असावे लागते. दरवर्षी एक टक्का गळती धरली, तर ९० टक्के भरणा वीस वर्षांनी सुमारे ७४ टक्क्यांवर येतो. वरील लेपयुक्त दुहेरी तावदानाचे यू-मूल्य त्या काळात १.१३ वरून सुमारे १.१८ पर्यंत वाढते. गळतीपेक्षा पोकळीत ओलावा शिरणे अधिक हानिकारक असते, कारण त्यामुळे काचेवर आतून बाष्प धरते आणि चांदीचा लेप गंजू शकतो.

वायूच्या निवडीत उपलब्धतेचाही विचार होतो. वातावरणात अरगॉनचे प्रमाण आकारमानाने ०.९३ टक्के आहे आणि द्रवरूप हवेपासून ऑक्सिजन व नायट्रोजन मिळवताना तो सोबतच हाती येतो. एक घनमीटर हवेत अरगॉन ९ लिटरहून अधिक असतो. क्रिप्टॉन मात्र सुमारे १.१ मिलिलिटर आणि झेनॉन ०.१ मिलिलिटरहूनही कमी असतो. यामुळे अरगॉन स्वस्त, क्रिप्टॉन महाग आणि झेनॉन तावदानांसाठी सहसा न परवडणारा ठरतो.

== तापमान, दाब आणि काचेचा बाक ==

हवाबंद पोकळीतील वायू थंड झाल्यावर आकुंचन पावतो. कारखान्यात २० अंश सेल्सियसला बंद केलेल्या पोकळीचे तापमान हिवाळ्यात शून्यावर आले, तर वायूचे आकारमान जवळजवळ ७ टक्क्यांनी घटू पाहते आणि काचा मध्यभागी आत ओढल्या जातात. अरुंद पोकळीत या बाकामुळे मधल्या भागातील अंतर लक्षणीय कमी होते आणि यू-मूल्य वाढते. उन्हाळ्यात उलट घडते.

कारखाना सखल प्रदेशात आणि इमारत उंचावर असल्यासही अडचण येते. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीवरील ठिकाणी वातावरणीय दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. सखल भागात बंद केलेले तावदान तेथे नेल्यास आतल्या अधिक दाबाने काचा बाहेर फुगतात आणि कधीकधी तडकतात. अशा वेळी दाब समान करण्यासाठी काठातून बारीक केशनळी ठेवतात. मात्र तिच्यातून निष्क्रिय वायूही निसटत असल्याने अशा तावदानाच्या गणनेत पोकळीत हवा आहे असे धरणे सुरक्षित असते.

== उष्ण हवामानातील महत्त्व ==

पोकळीतील वायू तापमानांतील फरकामुळे वाहणारी उष्णता अडवतो. सूर्यप्रकाशाबरोबर थेट आत येणारी ऊर्जा तो अडवू शकत नाही. बाहेर उणे १८ आणि आत २१ अंश सेल्सियस असताना लेपयुक्त तावदानात हवेऐवजी अरगॉन भरल्याने दर चौरस मीटरला सुमारे १०.५ वॉट वाचतात. मुंबईतील वातानुकूलित खोलीत आत २५ आणि बाहेर ३३ अंश सेल्सियस असेल, तर हीच बचत सुमारे २ वॉट असते. दुपारनंतर पश्चिमेकडील काचेवर मात्र दर चौरस मीटरला कित्येक शे वॉट सौरऊर्जा पडत असते. त्यामुळे मुंबई, गोवा किंवा कोकणपट्टीसारख्या उष्ण व दमट प्रदेशांत सौर उष्णता परतवणारा लेप, छज्जा किंवा बाहेरचा पडदा यांना वायूच्या निवडीपेक्षा पुष्कळ अधिक महत्त्व असते. लडाख, हिमाचल प्रदेश यांसारख्या थंड भागांत वायूचा लाभ ठळक होतो.

== पर्यावरणीय निर्बंध ==

सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू ध्वनिरोधनासाठी काही तावदानांत वापरला जात असे. तो अतिशय प्रभावी हरितगृह वायू आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापनपरिणाम समान वस्तुमानाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून अधिक असतो. युरोपीय संघाने २००६ च्या नियमावलीद्वारे फ्लोरिनयुक्त हरितगृह वायू असलेल्या खिडक्यांना बाजारात येण्यास बंदी केली. ही बंदी घरगुती खिडक्यांसाठी २००७ पासून आणि अन्य खिडक्यांसाठी २००८ पासून लागू झाली. अरगॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वातावरणातूनच मिळवलेले असल्यामुळे गळती झाल्यास पुन्हा वातावरणात मिसळतात आणि त्यांचा तापनपरिणाम नसतो.

== निर्वात तावदाने ==

वायू जवळजवळ पूर्णपणे काढून टाकणे हा उष्णतारोधनाचा दुसरा मार्ग आहे. निर्वात तावदानात काचांमधील अंतर साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते आणि बाहेरच्या दाबाने काचा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये अतिसूक्ष्म खांब बसवलेले असतात. आतील दाब सुमारे ०.१ पास्कलपेक्षा कमी राखला की माध्य मुक्त पथ पोकळीच्या रुंदीहून बराच मोठा होतो. तेव्हा रेणू एकमेकांवर न आदळता एका काचेवरून थेट दुसऱ्या काचेवर जातात आणि वायूतील वहन दाबाच्या प्रमाणात घटते. दाबावर अवलंबून नसणारी उष्णतावाहकता या परिस्थितीत लागू पडत नाही. सदृशीकरणात विरल वायूसाठीचे स्वतंत्र सूत्र वापरावे लागते. अशी तावदाने यशस्वीपणे बनवण्याचे काम ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात १९८९ मध्ये झाले. त्यांत वायूमुळे होणारे संक्रमण नगण्य असून उरलेली उष्णता खांबांमधून, काठांमधून आणि प्रारणाने जाते.